पट्टा डावीकडे ओढतो

मंगळवार, ३

आज सकाळी फिरायला गेले नाही. चोवीस वर्षांत आजारपण आणि परगाव सोडलं तर पहिल्यांदाच. सव्वासहाला बूट घालून दारापर्यंत गेले, कडीला हात घातला आणि परत येऊन बूट काढले. ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "पाऊस आहे का?"

म्हटलं, "नाही. अपमान आहे."

काय झालं ते लिहून ठेवते. खालच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. दीर जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून एकटीच असते. ही बाई या महिन्याच्या एकोणतीस तारखेला घर बंद करून मुलीकडे कायमची राहायला चालली आहे. हे मला कोणी सांगावं? इस्त्रीवाल्याने! काल कपडे द्यायला आला आणि म्हणाला, "खालच्या बाई निघाल्या, आता या जिन्यात तुमचं एकच घर राहिलं माझं." मी विचारलं, कुठे निघाल्या? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. इस्त्रीवाल्याला माहीत, दूधवाल्याला माहीत, ह्यांनाही माहीत. फक्त मी सोडून.

चोवीस वर्षं आम्ही दोघी रोज पाऊण तास तळ्याभोवती दोन फेऱ्या मारतो आहोत. मी रस्त्याच्या बाजूने, ती माझ्या उजव्या हाताला, कठड्याच्या बाजूने. एवढ्या फेऱ्यांत तिला एक वाक्य बोलायला सवड झाली नाही? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्यासमोर वाक्य पुरं करणं सोपं नसतं." हा विनोद होता म्हणे.

यापुढे तिच्याबरोबर चालणार नाही. ठरलं.


बुधवार, ४

चालणं मात्र बंद करता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी साखरेचा कागद समोर धरून बजावलं आहे, रोज पाऊण तास, सबबी नकोत. तळ्याची वाट एकच आहे आणि ती तिथे असणार. तेव्हा घरातच चालायचं यंत्र घ्यायचं. ट्रेडमिल. चांगली, मजबूत, घरच्या वापराची.

हे म्हणाले, "घरात चालायचं? आणि पोचायचं कुठे?"

"कुठेही नाही. तेच बरं."

दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात ती उभी. मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली, म्हटलं निदान आज तरी हात करील. नाही! तशीच पाहत राहिली आणि मग आत गेली. इतका ताठा कशाचा हे मला कळत नाही. चूक तिची आणि मान मी खाली घालायची?

दोनदा फोन आला तिचा. मी उचलला नाही. तोंडावर ओळख द्यायची नाही आणि मग फोन करायचा, ही कुठली रीत?


शुक्रवार, ६

पहिलं दुकान पाहिलं.

मी एकतीस वर्षं वजनमापं निरीक्षक होते. भाजीवाल्यांच्या तराजूपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळं तपासलं आहे. माझ्या अनुभवात काटा तरी खोटा असतो नाहीतर दुकानदार तरी. तिसरा प्रकार मी पाहिलेला नाही. त्यामुळे पिशवीत मोजपट्टी, खडू आणि बुडबुड्याची छोटी पाणसळ घेऊनच गेले. हे म्हणाले, "लग्नाला निघाल्यासारखी तयारी आहे." आणि पिशवी धरायला बरोबर आले.

विक्रेता टाय लावलेला. पहिलंच वाक्य, "या आजी."

म्हटलं, "मी तुमची आजी नाही. असते तर कामावर निघताना तुमची नखं कापून पाठवलं असतं. मोटर किती शक्तीची?"

"तीन हॉर्सपॉवर, मॅडम."

"सतत तीन, की क्षणभर तीन?"

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे छताकडे. शेवटी पुस्तिका उघडली तर बारीक अक्षरात सापडलं, सतत दीड. पाटीवर तीन लिहायचे आणि दीड विकायचे, आणि वर एअर कंडिशनर लावून थंडपणे बसायचं!

मग वेग तपासला. पट्ट्याचा पूर्ण वेढा मोजला, दोन मीटर सत्तर. पट्ट्यावर खडूची खूण केली, पडद्यावर पाचाचा वेग लावला आणि ह्यांना घड्याळ धरायला सांगितलं. मिनिटात अठ्ठावीस वेढे. म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर. माणूस मोजेल पाच आणि चालेल साडेचार. विक्रेत्याला म्हटलं, "किराणा दुकान असतं तर आज सील ठोकलं असतं."

"मॅडम, हे दुकान किराण्याचं नाहीये ना."

"म्हणूनच वाचलात."

शेवटी चालून पाहिलं. आणि खरा दोष तिथे निघाला. पट्टा डावीकडे ओढतो. चार मिनिटांत माझा डावा पाय बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर गेला आणि तोल जाता जाता राहिला. विक्रेता म्हणाला, मधोमध चाला. मी मधोमधच चालत होते.


सोमवार, ९

आज तिने कमाल केली.

मी जिन्यातून उतरत होते, ती चढत होती. जिन्यातला दिवा गेला आहे हे मान्य, पण मला ती दिसत होती तर तिला मी दिसायला काय हरकत होती? भिंतीला हात लावत लावत, रमतगमत आली, दोन पायऱ्यांवर थांबली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मी कशाला बोलू? तर विचारते कशी, "कोण?"

कोण! चोवीस वर्षांनी मी "कोण"!

उत्तर न देता खाली निघून गेले. रागाने इतकी फणफणले होते की दुकानात जाऊन साबण आणायचा तो विसरून मेणबत्त्या घेऊन आले.

ह्यांना सांगितलं. हे पेपराची घडी घालून म्हणाले, "तू एकदा नीट बोलून बघ तिच्याशी."

"ती मला ओळखत नाही. परक्या माणसाशी काय बोलायचं?"

"अगं, तू समजतेस तसं—"

"तुम्ही तिची वकिली करू नका."

रोज दुपारी चार वाजता हे खाली जातात, तिच्याकडे बसून पेपर वाचायला. एकच पेपर, सकाळी एकदा वर वाचायचा आणि दुपारी एकदा खाली. "तिच्याकडे येत नाही का पेपर?" विचारलं तर म्हणे येतो, पण एकटीने वाचायचा तिला कंटाळा येतो. मग मी एकटी भांडी घासते, त्याचा मला कंटाळा येत नसेल?


बुधवार, ११

आणखी दोन दुकानं. पट्टा रुंद असला की ओढ कमी जाणवेल असं माझं अनुमान. पहिल्या दुकानातला पट्टा चाळीस सेंटिमीटरचा होता. दुसऱ्यात पंचेचाळीस. तोही डावीकडे ओढतो. तिथली विक्रेती बाई चांगली होती, तिने पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचं अंतर मोजू दिलं. दोन्हीकडे सारखं. पाणसळीतला बुडबुडाही मधोमध.

"बघा, सरळ आहे," ती म्हणाली.

"उभं असताना सरळ आहे. चालताना ओढतो. असे तराजू मी शेकड्यांनी पाहिले आहेत. रिकामे असताना संत, माल पडला की चोर."

"बाई, तुम्हीच जरा उजवीकडे सरका ना."

"मी सरकू? उद्या तराजू खोटा निघाला तर गिऱ्हाईकाने कोथिंबीर घरून आणायची का?"

तिसऱ्या दुकानात बावन्न सेंटिमीटरचा मिळाला. घरगुती वापरात याहून रुंद नाही म्हणतात. मोटर सतत अडीच, वेग मोजला तो बरोबर, दोन्ही बाजूंना धरायला लांब दांडे, कपड्याला अडकवायची दोरी, ती सुटली की यंत्र जागच्या जागी थांबतं. ओढ यालाही आहे, पण रुंदीमुळे पाय कडेला पोचत नाही. निदान दुकानात तरी पोचला नाही. हाच घेतला.

हे दमून खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "लग्न जमवताना एवढं पाहिलं नव्हतंस."

"म्हणून तर आता पाहते आहे."


शनिवार, १४

यंत्र आलं. चार माणसं जिन्यातून चढवत होती, आणि नेमकं तिच्या दारासमोर अडकलं. दार उघडलं. ती म्हणाली, "काय चाललंय एवढं जड?"

मी हमालांना म्हटलं, "सांगा त्यांना, चालायचं यंत्र आहे."

"यंत्र चालणार की जाऊबाई?" तिने विचारलं. चारही माणसं हसली. एकाच्या हातून दांडा निसटता निसटता राहिला. मागून हेही हसले. घरभेदी.

मी हसले नाही. हसू आलं होतं, पण दाबलं.


मंगळवार, १७

तीन दिवस वापरलं. पट्टा डावीकडे ओढतो. काल डावा पाय सरळ पट्टीवर गेला, दोरी सुटली, यंत्र थांबलं म्हणून वाचले. घोट्याला मुका मार. बावन्न सेंटिमीटर रुंदी असूनही ही गत!

कंपनीच्या फोनवर अर्धा तास संगीत ऐकलं. मग एक बाई म्हणाली, तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. म्हटलं, तुमच्यासाठी महत्त्वाची असती तर संगीत लावलं नसतं.

त्यातून चालताना करमत नाही ते वेगळं. समोर भिंत. भिंतीवर दिनदर्शिका. तिच्यावर एकोणतीस तारीख. पाऊण तास त्या तारखेकडे बघत चालायचं. उद्या दिनदर्शिका काढून ठेवीन.

तळ्यावर ती आता कशी जाते कोण जाणे. बहुतेक जातच नसेल. आळशी आहे. गेल्या वर्षभरात तर अशी ढिली झाली होती की माझ्या कोपराला लोंबकळायची. गप्पांच्या नादात खाली लक्ष नाही, दोनदा ठेचकाळली. चहा ओतायचा तर कपात बोट बुडवून. मी एकदा ओरडले होते त्यावरून. ती हसली होती.


बुधवार, १८

मेकॅनिक आला. केस पिकलेला, कानामागे पेन्सिल, घाई नसलेला माणूस. मागच्या रोलरचे दोन बोल्ट षटकोनी चावीने थोडे थोडे फिरवून पट्टा पाहिला, खाली वाकून दोन्ही बाजू पाहिल्या, फळीवर तेल सोडलं. म्हणाला, "बाई, पट्टा सुतासारखा सरळ आहे."

"चालताना ओढतो."

तो स्वतः चढून चालला. मधोमध. ह्यांना चालवलं. हेही मधोमध, चेहरा मात्र फाशी जाणाऱ्याचा. मी म्हटलं, तुम्ही दोघं पुरुष जड आहात, माझ्या वजनाला ओढतो. त्यावर तो वाद न घालता निघून गेला. वाद न घालणाऱ्या माणसाचा मला संशय येतो.


शुक्रवार, २०

तसाच ओढतो. ग्राहक मंचाला पाठवायचा मसुदा तयार केला, चार पानं. ह्यांना वाचून दाखवला. हे म्हणाले, "मसुदा उत्तम. पाठवण्याआधी त्या मेकॅनिकला आणखी एकदा बोलाव. एक संधी दे."

"तुम्ही सगळ्यांना संधी देत बसा."

बोलावला आहे.


शनिवार, २१

सगळं क्रमाने लिहिते.

मेकॅनिक दहा वाजता आला. या वेळी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. ह्यांना म्हणाला, "साहेब, मोबाईल घेऊन मागे उभे राहा आणि चित्रीकरण करा. बाई, तुम्ही रोजच्यासारख्या चाला. दहा मिनिटं. आम्ही नाही आहोत असं समजा." मी चालले. चौथ्या-पाचव्या मिनिटाला डावा पाय कडेला लागला. मी म्हटलं, "पाहिलंत?" तो म्हणाला, "पाहिलं. चाला."

मग त्याने मला खुर्चीवर बसवून ते दाखवलं.

स्वतःला पाठीमागून मी कधी पाहिलं नव्हतं. एक पिकल्या केसांची बाई पट्ट्याच्या डाव्या अर्ध्यात चालते आहे. उजवीकडे वीतभराहून जास्त जागा मोकळी. डावा हात चालण्याबरोबर हलतो, उजवा हलत नाही. उजवं कोपर अंगापासून लांब, वाकवून धरलेलं, खांदा जरा खाली. आणि आवाज. मी बोलते आहे. मला ठाऊकच नव्हतं मी बोलते म्हणून. आधी काहीतरी नगरपालिकेबद्दल. मग मध्येच, "उंचवटा." परत नगरपालिका. मग, "सायकल येतेय, आत हो." मग वेग कमी न करता, नुसती मान उजवीकडे वळवून, "पायरी. दोन आहेत. हं, झाल्या."

मेकॅनिकने मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाला, "बाई, यंत्रावर पायऱ्या नसतात." चेष्टेने नाही म्हणाला. "माझा बाप असा चालायचा, आजी गेल्यावरसुद्धा. शेवटची सहा वर्षं तिला हाताला धरून देवळात न्यायचा. तुमच्या उजव्या हाताला कोण असतं? त्यांना दिसत नाही का?"

मी म्हणणार होते की भलतंच काय बोलता. तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. हे खिडकीशी जाऊन उभे होते. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे खिडकीशी गेले की काहीतरी लपवलेलं असतं.

मेकॅनिक गेल्यावर विचारलं, "किती दिवस?"

"वर्ष होऊन गेलं. मधलं दिसत नाही, कडा दिसतात. माणूस उभा आहे हे कळतं, चेहरा कळत नाही. उपाय नाही म्हणाले."

"आणि तुम्ही पेपर वाचायला जाता."

"मोठ्याने वाचतो."

"मला का सांगितलं नाहीत?"

"तिने वचन घेतलं होतं."

"कोणाला सांगायचं नाही असं?"

हे माझ्याकडे वळले. "कोणालाही सांगा म्हणाली. फक्त तुला नाही."

चार पानांचा मसुदा फाडला. त्याने काही झालं नाही. राग होता तेवढाच आहे, फक्त कोणावर काढायचा ते समजत नाही.


रविवार, २२

सकाळी खाली गेले. घंटा वाजवली. तिने दार उघडलं आणि माझ्या खांद्याच्या आसपास कुठेतरी बघत राहिली. चार वाक्यं घोकून आले होते, एकही बाहेर पडेना.

"कोण?" ती म्हणाली.

"मी."

तिचा चेहरा उजळला. "या जाऊबाई. वीस दिवसांनी आठवण झाली का? बसा, चहा ठेवते."

तिने चहा केला. मी पाहत होते. कपाच्या आत बोटाचं टोक, चहा बोटाला लागला की थांबायचं. मी ओरडले होते त्यावरून!

"तुला दिसत नाही," मी म्हटलं.

"भावजींनी सांगितलं वाटतं. पोटात काही राहत नाही त्यांच्या."

"ते नाही बोलले. ट्रेडमिलने सांगितलं." मग मी तिला सगळं सांगितलं, कोपर, पायरी, सायकल, सगळं. ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मला काही इतकं हसण्यासारखं वाटलं नाही.

"त्या दिवशी जिन्यात मला 'कोण' म्हणालीस."

"तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही बोलला नाहीत तर मला कळणार कसं? बाल्कनीतसुद्धा कोणीतरी उभं होतं. वाटलं तुम्ही असाल. पण तुम्ही असतात तर आतापर्यंत ओरडला असतात, म्हटलं दुसरं कोणी असेल."

हा टोला बसायचा तिथे बसला. उरलेला चहा मी एका घोटात संपवला.

"घर सोडून जाते आहेस ते तरी सांगायचंस."

"रोज सांगायचं ठरवून निघायचे. पहिली फेरी नगरपालिकेत जायची, दुसरी डॉक्टरीणबाईंत."

"आणि डोळ्यांचं?"

तिने कप खाली ठेवला, आधी हाताने जागा चाचपून. "डोळ्यांचं सांगितलं असतं तर तुम्ही माझा चार्ज घेतला असतात. गोळ्यांचं वेळापत्रक, भिंतीवर कागद, किल्ल्या तुमच्याकडे. मला ते नको होतं. जाऊबाई, डॉक्टर माझ्याशी हळू बोलतात. मुलगी फोनवर हळू बोलते. भावजी पेपरातल्या वाईट बातम्या गाळून वाचतात, मला कळतं. दिवसातून पाऊण तास कोणीतरी माझ्यावर खेकसायचं. 'लक्ष कुठे आहे तुझं, पाय उचल.' तेवढा वेळ मी धडधाकट असायची."

मला खेकसायची सवय आहे हे मी नाकारत नाही. तिचा कोणाला उपयोग होत असेल हे माहीत नव्हतं.

मग मी म्हटलं, राहा इथेच. मी वरच्या मजल्यावर आहे, हे आहेत. काय कमी आहे?

"तुम्ही सहासष्टच्या आहात. घोट्याला आत्ताच लागलंय ना? उद्या जिन्यात तुम्हीच बसकण मारलीत तर मी तुम्हाला शोधू कशी? चाचपत?" आणि मग हळू म्हणाली, "तिकडे तळमजला आहे. मुलगी आहे. ठरलंय माझं."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून जास्तच राग आला. उठले आणि दार लावून वर आले. मग परत खाली जाऊन सांगितलं, उद्या सव्वासहाला तयार राहा.


मंगळवार, २४

काल आणि आज गेलो. काल मी नीट, समजुतीने बोलत होते. "इथे जरा उंचवटा आहे हं. सावकाश. घाई नाही." पहिली फेरी अर्धी झाली तेव्हा ती उभी राहिली.

"जाऊबाई, असंच बोलणार असाल तर मी एकोणतीसची वाट बघत नाही, आजच जाते."

आज मी नेहमीसारखी बोलले. नगरपालिकेने कठड्याला रंग दिला आहे, तोही उन्हात फोड येणारा, कंत्राटदाराच्या मेव्हण्याच्या कारखान्यातला असणार. ती म्हणाली, "कुठला रंग?" मी म्हटलं, "हिरवा. भिकार हिरवा." ती म्हणाली, "बरं झालं मला दिसत नाही."

परत येताना म्हणाली, "ते यंत्र परत करू नका. आता खरंच लागेल तुम्हाला."

बूट काढताना लेसची गाठ सुटेना, कापावी लागली.


शुक्रवार, २७

तिची मुलगी, माझी पुतणी, आईला न्यायला आली. चांगली मुलगी आहे, कष्टाळू आहे, पण काय चालवलं आहे हे! आईला मागून दोन्ही खांद्यांना धरते आणि हातगाडीसारखी ढकलते. "आ-ई, खुर्ची. आ-ई, बस." हातातला कप काढून घेते. विचारायचं असलं की आईऐवजी मला विचारते, "काकू, आईला साखर चालते का?" आई समोर बसलेली! धाकटी गप्प. तिला इतकी गप्प मी तिचा नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. साडीच्या काठावरून बोट फिरवत बसली होती, कोणीतरी आणून ठेवलेल्या सामानासारखी.

म्हणजे परवापासून हे असंच. रोज.

मी म्हटलं, "उद्या सकाळी सहा वाजता तू माझ्याबरोबर तळ्यावर यायचंस."

"काकू, उद्या बांधाबांध आहे."

"सहा म्हणजे सहा."


शनिवार, २८

तिघी गेलो. धाकटीला पहिल्या बाकावर बसवलं आणि पुतणीला म्हटलं, "ओढणी डोळ्यांवर बांध."

"काकू, लोक बघतायत."

"बघू देत. तुला दिसणार नाहीत."

आधी मी तिला तिच्यासारखंच धरलं, मागून खांद्याला, आणि ढकललं. दहा पावलांत ओरडली, "काकू, थांबा! मी पडेन!" म्हटलं, "कळलं? आता माझं कोपर धर. तू धरायचं, मी नाही. मी अर्धं पाऊल पुढे. माझा खांदा वर गेला की तुला पायरी कळते. कान उघडे ठेव, तोंड बंद." पूर्ण फेरी तशीच चालवली. दोनदा ठेचकाळली, दोनदा मी खेकसले. पाय उचल, काय घरंगळत चालली आहेस, लग्नाची वरात आहे का ही? बाकापाशी पोचलो तेव्हा ओढणी ओली झाली होती. तिने सोडली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून बसली.

धाकटी म्हणाली, "काय गं, तुझ्यावर एकाच फेरीत एवढं ओरडल्या? मला चोवीस वर्षं काढावी लागली."

"आई, तू मला सांगायचं ना, मी चुकीचं धरते म्हणून."

"तू इतकं हळू बोलत होतीस, मला वाटलं मीच आजारी आहे."

दुसऱ्या फेरीला पुतणीने कोपर पुढे केलं. धाकटीने हात फिरवून ते शोधलं आणि धरलं. निघाल्या. पुतणी अर्धं पाऊल पुढे, रस्त्याच्या बाजूने. मी तिसरी चालायला जागा कुठे? वाट दोघींपुरतीच आहे. मी म्हटलं, माझी लेस सुटली आहे, व्हा पुढे. लेस सुटली नव्हती.

बाकावर बसून पाहत राहिले. वळणाच्या आधी दोन पायऱ्या आहेत. पुतणी मोठ्याने म्हणाली, "आई, पायरी! दोन! अगं पाय उचल की, झोपलीस का?" आणि धाकटीचं हसू इथपर्यंत ऐकू आलं. मग त्या वळणाआड गेल्या, एकमेकींना काहीतरी सांगत, चांगल्या वेगात.

एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. धाकटीला दिसत नाही हे मान्य. पण त्या मुलीला तरी कळायला नको होतं? कमाल आहे!